शिक्षण समितीचे माजी अध्यक्ष

नाही हो, मी नाही शिकवत. मी नावं लिहून घेतो, बिल्ला देतो आणि चहा कुठे आहे ते सांगतो — चहा तिकडे, खिडकीपाशी. शिकवणाऱ्या बाई यायच्यात अजून. वर्ग दहाला, तुम्ही आलात सव्वानऊला, म्हणजे तुम्ही नवीन. जुने सभासद दहा म्हटलं की पावणेअकराला येतात आणि वर मलाच विचारतात, काय, आमच्याशिवाय सुरू केलंत होय? बसा ना. ती नको, ती डुगडुगते, ही घ्या. दुकान तुमचं स्वतःचं? मामांचं. कुठलं, पुलाखालचं? हिरव्या पाटीचं? अरेरे. कधी? कळलंच नाही हो आम्हाला. भला माणूस. दर सभेला यायचे, मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसायचे, आणि माझं भाषण सुरू झालं की डोळे मिटायचे. मी समजायचो, झोपले.

म्हणजे झोपत नव्हते? कात्रणं? कसली कात्रणं?

बघू बघू. अरे देवा. ‘डागांशी दोन हात’. सगळे अंक आहेत की हो यात! वहीत चिकटवून, वर तारखा घालून — मामांनी? हो, हा फोटोतला मीच. केस होते तेव्हा. टाय दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा. हसू नका, हसा, हसण्यासारखाच आहे तो फोटो, हनुवटीखाली बोट ठेवून मी विचार करतोय असं दाखवायचं होतं, दात दुखतोय असं दिसतंय. काय म्हणालात? ह्यावरून शिकलात? दुकान हाती आलं तेव्हा दुसरं काही येत नव्हतं आणि ही वही — नाही, नाही, सही नको. खरंच नको. ते पेन आत ठेवा ताई. सही मागितलीत तर मला सगळं सांगावं लागेल, आणि सगळं सांगायला — किती वाजले? नऊ पस्तीस. हं. पुरतील म्हणा पंचवीस मिनिटं. माझी इभ्रत काही फार मोठी नाही.

तर ऐका. दुकान दादाचं. दादा मशीनवर, वहिनी मागे डाग काढायच्या टेबलावर, आणि मी पुढे काउंटरवर. म्हणजे कपडा धुवायचा दादानं, डाग काढायचा वहिनींनी, आणि ‘बघा, कसा निघाला डाग!’ असं म्हणायचं मी. कामाची वाटणी अशी होती. मी आपला थोडा जास्त शिकलेला, बोलायला बरा — बोलायला बरा म्हणजे काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. मग दादा गेला. अकरा वर्षं झाली. मशीनसमोरच बसला होता, पाणी द्या म्हणाला आणि पाणी येईपर्यंत गेला. आपल्या ह्या विभागीय संघटनेत सभासद तो होता, म्हणून पुढच्या वार्षिक सभेला त्याच्या जागी मी आलो. याच सभागृहात. शिक्षण समितीला अध्यक्ष हवा होता, कुणी तयार नव्हतं. मी हात धुवायला बाहेर गेलो. परत आलो तर टाळ्या. मला वाटलं, दादासाठी आहेत, मी डोळे पुसले. मग कळलं, मला निवडून दिलंय.

आता तुम्ही म्हणाल, डागांतलं ओ की ठो कळत नसताना घ्यायचं कशाला? अहो, खुर्ची समोर आली की माणसाला आपलं ज्ञान आठवत नाही, आपली उंची आठवते. घेतलं. आणि काम काही थोडंथोडकं नव्हतं हं! महिन्याला एक व्याख्यान, वर्षाला एक अभ्याससहल — पहिल्या वर्षी मी सगळ्यांना हँगरच्या कारखान्यात नेलं. चार तास तार वाकताना बघितली आम्ही. अजून लोक बोलून दाखवतात. आणि तीन महिन्यांनी निघायची पत्रिका. तिच्यात शिक्षण समितीच्या अध्यक्षानं एक सदर लिहायचं. हेच ते, तुमच्या मांडीवर आहे ते.

लिहायचं काय? पहिला लेख द्यायची वेळ आली तेव्हा मी मागे गेलो, वहिनी एका कोटाच्या बाहीवर वाकल्या होत्या, आणि मी सहज म्हटलं, वहिनी, तेलाचा जुना डाग असला तर हो? त्या मान वर न करता म्हणाल्या, “जुना डाग म्हाताऱ्या माणसासारखा असतो भाऊजी. ओरडून सांगितलं तर ऐकत नाही. आधी जरा ऊब द्यायची, मग बोलायचं.” मी पुढे येऊन ते लिहून काढलं. थोडं शिंपडलं वरून — ‘स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरण’ वगैरे — ते ग्रंथालयातल्या पुस्तकातून. बाकी जसंच्या तसं. अंक आला, लोकांचे फोन. काय लिहिता हो तुम्ही! म्हाताऱ्या माणसासारखा! वा! मी म्हणालो, अनुभव, दुसरं काय. अनुभव! माझा अनुभव म्हणजे पावती फाडण्याचा.

मग चटकच लागली. दर तीन महिन्यांनी मी मागे जाऊन स्टुलावर बसायचो. वहिनी, रक्ताचा? “थंड पाणी. गरम लावलं की तो घर करून राहतो.” वहिनी, दुधाचा? अंड्याचा? शाईचा? त्या सांगायच्या, आणि सांगता सांगता खुलायच्या. एरवी त्या फार बोलत नसत. दादा असताना तर नाहीच, दादा स्वतःच दगड होता, देव त्याचं भलं करो. आणि व्याख्यानाला प्रात्यक्षिक दाखवायचं असलं की आदल्या दिवशी वहिनीच कापडाच्या तुकड्यावर डाग पाडून द्यायच्या, कशानं काढायचा ते सांगून, बाटल्या ओळीनं लावून. मी दुसऱ्या दिवशी इथं उभा राहून, कपाळाला आठ्या घालून तो डाग ‘ओळखायचो’. टाळ्या! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — आणि आमचा तर धंदाच कोरड्या धुलाईचा. असं सात वर्षं चाललं. सात वर्षं म्हणजे अठ्ठावीस लेख. मोजून बघा वहीत, अठ्ठावीसच भरतील.

मग आली परीक्षा. मीच आणली. संघटनेनं प्रमाणपत्र द्यावं, ‘प्रमाणित डागतज्ज्ञ’, दुकानात काचेच्या चौकटीत लावता येईल असं — सूचना माझी. लेखी साठ गुण, प्रात्यक्षिक चाळीस, दोन्हींत वेगळं पास व्हायला हवं. लेखी पेपर मी काढणार, मी तपासणार. प्रात्यक्षिकाचे गुण आमचे सचिव देणार. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, आधी शाळेत होते, मग धोबीखाना काढला, पण चष्म्यावरून बघायची सवय गेली नाही. अर्जांचा गठ्ठा माझ्या काउंटरवर. आणि एक दिवस वहिनी हात पुसत पुढे आल्या — त्या पुढे येत नसत कधी — आणि म्हणाल्या, “भाऊजी, मी बसू का परीक्षेला?”

मी हसलो. नाही, वाईट हसलो नाही, आपलं — हसलो. म्हटलं, वहिनी, तुम्हाला काय गरज? त्या म्हणाल्या, “गरज नाही. बसावंसं वाटतं.” आता बघा. गरजेला उत्तर देता येतं, वाटण्याला काय देणार? आणि मला तर त्यांना बसू द्यायचंच नव्हतं. का म्हणजे? पंचेचाळीस माणसांसमोर त्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंड उघडलं, तर सगळ्यांना ऐकू येणार होतं की हा आवाज आपण सात वर्षं वाचतोय! म्हणून मी म्हटलं, अहो वहिनी, अर्जाची तारीख कालच संपली.

संपली नव्हती. नऊ दिवस होते.

त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि मागे गेल्या. मी सुटलो असं समजून दिवसभर गिऱ्हाइकांशी इतका गोड बोललो की एकानं विचारलं, घरी काही शुभवार्ता आहे का? आणि अर्जाचा गठ्ठा तसाच काउंटरवर! त्यावर छापलेली तारीख, एवढ्या मोठ्या अक्षरात, ठळक! ठळक छापा असं छापखान्याला मीच सांगितलं होतं. वहिनींनी दुसऱ्या दिवशी झाडताना वाचलं असणार. एक अर्ज भरला आणि मास्तरांच्या धोबीखान्यात चालत जाऊन देऊन आल्या. ‘दुकानातील हुद्दा’ असा रकाना होता, तिथं त्यांनी लिहिलं होतं — डाग काढते.

परीक्षेच्या दिवशी मी ह्या दारातून आत आलो, हातात प्रश्नपत्रिका, छातीवर हा असा बिल्ला, याच्या दुप्पट — आणि तिसऱ्या बाकावर वहिनी. चष्मा दोरीनं गळ्यात, नातीचा कंपास समोर, आणि दोन पेन्सिली टोक करून शेजारी शेजारी ठेवलेल्या. माझ्याकडे बघून जरा हसल्यासुद्धा. मी प्रश्नपत्रिका वाटल्या. लेखी झालं, जेवण झालं, आणि प्रात्यक्षिकाच्या आधी उमेदवारांना एक नमुना म्हणून मी डाग काढून दाखवायचा असं ठरलं होतं. माझ्या खिशात तुकडा तयार होता, स्वतःच पाडलेला कॉफीचा डाग, लहान पोरालाही निघेल असा. पण संघटनेचे अध्यक्ष — दुकानाच्या चार शाखा, मोठं प्रस्थ — ते उठले आणि म्हणाले, तयार तुकडा कसला, हे घ्या, आमच्या मंडळींचं जाकीट, नखं रंगवताना रंग सांडलाय, नवं कोरं आहे, तुम्हीच काढा, सगळ्यांना शिकायला मिळेल!

फिकट निळं जाकीट. चकचकीत. मी हातात घेतलं आणि म्हटलं, रेशीम. कसं ओळखलं? चमकत होतं म्हणून. अहो, चमकतं ते सगळं रेशीम असतं तर माझं टक्कलसुद्धा रेशमी म्हणावं लागेल. नखांचा रंग म्हणजे ॲसिटोन, हे मला ठाऊक होतं, सोळाव्या लेखात आहे. मी बाटली उघडली, बोळा भिजवला, आणि मान वर केली — सगळे बघतायत का ते बघायला — आणि वहिनी दिसल्या. अर्धवट उठलेल्या. मान हलवत होत्या, नाही, नाही, आणि अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होत्या, असे. ही त्यांची दुकानातली खूण. कपड्याची आतली शिवण आधी बघा, कोपऱ्यावर थेंब टाकून बघा, मग पुढे जा. मी काउंटरवरून शंभरदा बघितलेली खूण. मला कळली हो. तुम्हाला सांगतो, मला व्यवस्थित कळली. पण पंचेचाळीस माणसं बसली होती, आणि शिक्षण समितीच्या अध्यक्षानं तिसऱ्या बाकावरच्या आपल्या वहिनीचं ऐकून हात मागे घ्यायचा? मी दुसरीकडे बघितलं. आणि बोळा टेकवला.

नकली रेशीम होतं ते, ॲसिटेट. आणि ॲसिटोननं ॲसिटेटचं काय होतं — तुम्ही वाचलंय ना, सोळाव्या लेखात? बरोबर. विरघळलं. फाटलं नाही, जळलं नाही — साखर चहात जावी तसं गेलं. आधी चिकट झालं, मग मी घाबरून आणखी चोळलं, मग बोळा पलीकडून बाहेर आला. मी भोकातून अध्यक्षांकडे बघत होतो आणि अध्यक्ष भोकातून माझ्याकडे. कुणीतरी मागून म्हणालं, डाग मात्र गेला हो!

हसा, हसा. मी आता हसतो. तेव्हा नाही हसलो. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. आणि माझ्यानंतर अर्ध्या तासानं वहिनी त्याच टेबलाशी आल्या. पाच अनोळखी डाग दिले होते प्रत्येकाला. त्यांनी पदर खोचला, तुकडा उजेडात धरला, वास घेतला, शिवण चाचपली, आणि अशा कामाला लागल्या की बाकीचे उमेदवार आपापले तुकडे खाली ठेवून बघायला उभे. मास्तरांनी चाळीसपैकी एकोणचाळीस दिले. एक का कापला म्हणून विचारलं तर म्हणाले, चाळीसपैकी चाळीस मी माझ्या बापालाही दिले नसते.

इथपर्यंत माझी फजिती. फजिती सांगायला मला लाज नाही, ती तर मी लग्नकार्यात सुद्धा सांगतो. पुढचं मी कुणाला सांगत नाही. सांगत नव्हतो. तुम्ही ही वही आणलीत म्हणून.

लेखी पेपर मी घरी नेले तपासायला. वहिनींचा वर काढला. अक्षर मोठं मोठं, ओळी वर चढलेल्या. सगळी उत्तरं बरोबर, ताई. एक चुकलं नव्हतं. पण पुस्तकी शब्द नाहीत. ‘प्रथिनजन्य डाग’ नाही लिहिलेलं, ‘रक्त, दूध, अंडं — जे शिजतं ते’ असं लिहिलेलं. आणि मी तिथं लाल पेनानं लिहिलं, तांत्रिक परिभाषेचा अभाव. प्रत्येक उत्तराला. तीन कापले, चार कापले, दोन कापले. साठपैकी अठ्ठावीस झाले. पासाला तीस लागत होते. मी बेरीज दोनदा तपासली. चूक होऊ नये म्हणून! काय न्यायी माणूस! आणि त्या वेळी मला खरंच वाटत होतं हो की मी शिस्त पाळतोय. जाकिटाचा, त्या खुणेचा, कशाचा म्हणून विचार मनात नव्हता. म्हणजे — होता. होताच.

निकाल लागला. वहिनी नापास. म्हणाल्या, “पुढच्या वर्षी बघू,” आणि ब्रश उचलला.

पण मास्तर! मास्तरांना ते एकोणचाळीस गप्प बसू देईनात. त्यांनी पेपर मागवला, अध्यक्षांसमोर मला बसवलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. “जुना डाग म्हाताऱ्या माणसासारखा असतो, ओरडून सांगितलं तर ऐकत नाही.” थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “हे मी वाचलंय.” मी टेबलावरच्या टाचण्या मोजायला लागलो. “हे तर तुमच्या पहिल्या लेखात आहे! वाक्य तुमचं, आणि त्यालाच तुम्ही गुण कापलेत?”

आता माझ्यापुढे दोनच वाटा. एक तर त्यांनी माझं घेतलं, नाहीतर मी त्यांचं घेतलं. तिसरी वाट नाही. आणि मी — ह्या तोंडानं — म्हणालो, “पाठ केलं असेल त्यांनी. माझे लेख.”

झालं! मास्तर खूश, अध्यक्ष खूश. मग तर गुण कापायचं कारणच नाही म्हणाले. अठ्ठाविसाचे एकोणसाठ झाले — एक मास्तरांनी इथंही कापलाच — वहिनी पास, पास कसल्या, पहिल्या! मी मनाशी म्हटलं, बघ, शेवट गोड झाला ना, सगळ्यांचं भलं झालं. माणूस स्वतःची पाठ थोपटायला लागला की हात कुठवर वळतो, बघा.

प्रमाणपत्रं वाटायचा कार्यक्रम इथंच, त्या व्यासपीठावर. अध्यक्ष भाषणात म्हणाले, ह्या भगिनींनी आपल्या दिरांचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस लेख मुखोद्गत केले, असा आदर्श विद्यार्थी प्रत्येक दुकानाला मिळो! टाळ्या. वहिनींनी प्रमाणपत्र घेतलं. अध्यक्ष म्हणाले, दोन शब्द बोला. त्यांनी माइककडे असं बघितलं, जसा तो एखादा न ओळखलेला डाग आहे. आणि म्हणाल्या, “मी भाऊजींचे लेख वाचलेले नाहीत. मला बारीक अक्षर दिसत नाही.”

एवढंच. रागानं नाही, टोमणा नाही. खोटं स्तुतीचं असलं तरी ते अंगावर घेऊ नये, एवढंच त्यांच्या मनात. पुढच्या दोन रांगा हसल्या. मग हसणं एकेक करत बंद पडलं. मास्तरांनी माझ्या शेजारी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला कळलं, आता उठायचं. आत्ता उठलो नाही तर कधीच नाही. आणि मी उठलो ताई, खरंच उठलो, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, मी तोंड उघडलं — आणि म्हणालो, “माइक जरा जवळ घ्या वहिनी, मागे ऐकू येत नाही.”

त्यांनी माइक जवळ घेतला आणि तेच पुन्हा सांगितलं. मोठ्यानं.

घरी येताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. प्रमाणपत्राची गुंडाळी त्यांच्या मांडीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागे गेलो, स्टुलावर बसलो, आणि म्हटलं, वहिनी, रागावलात? त्या पडद्याच्या कापडावर वाकल्या होत्या. म्हणाल्या, “लिहून घेत होता ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं भाऊजी. पावतीपुस्तकाच्या मागे लिहायचात, पावत्या मीच लावते ना. त्याचं काही नाही. ह्यांनी तीस वर्षांत मला कधी विचारलं नाही, हा डाग कसा काढलास. तुम्ही विचारायचात. मला वाटायचं, कुणीतरी ऐकतंय.” ब्रश एकदा पाण्यात बुडवला. मग म्हणाल्या, “पण तारीख संपली म्हणालात. ते लागलं.”

मला वाटलं होतं, गुणांचं बोलतील. जाकिटाचं बोलतील. एक ‘कालच संपली’ — मी तर ते विसरूनसुद्धा गेलो होतो.

मी राजीनामा लिहिला. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’. मास्तरांनी तो परत पाठवला, खाली लाल शाईत — कारण चुकीचे आहे, पुन्हा लिहा. मी पुन्हा लिहिला, ‘वाढत्या व्यापामुळे’. परत आला. ‘अपूर्ण.’ तिसऱ्या वेळी मी लिहिलं, लेख वहिनींचे आहेत, गुण मी जाणूनबुजून कापले, अर्जाच्या तारखेबद्दल खोटं बोललो. तो मास्तरांनी ठेवून घेतला आणि म्हणाले, हा सभेत तुम्हीच वाचा. वाचला. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. मग एकानं हात वर केला आणि विचारलं, मग यंदाच्या सहलीचं कोण बघणार? जग आपल्यासाठी किती थांबतं, ते त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून चार वर्षं वहिनी शिकवतात इथं. पहिल्या दिवशी लोकांकडे तोंड करून बोलताच येईना त्यांना. पाठ फिरवून टेबलाशी गेल्या आणि कापडाशी बोलायला लागल्या. झालं, सगळे उठून टेबलाभोवती. म्हणून आत खुर्च्या नाहीत, भिंतीला लावून ठेवल्यात. तुम्ही बसायला जाऊ नका, टेबलाजवळ उभ्या राहा, हाताकडे बघा. प्रश्न विचारा. विचारलेलं त्यांना आवडतं.

मी? मीही बसतो ना परीक्षेला. दोनदा बसलो. दोनदा नापास. गेल्या खेपेला अकरा गुणांनी, वहिनींनीच तपासलं. एखाददोन गुणांनी असतं तर सूड म्हणून तरी मिरवता आलं असतं, अकरा म्हणजे नुसता ढ. मी विचारलं, वहिनी, कुठे चुकलं? म्हणाल्या, “हात चांगला आहे भाऊजी. पण डाग बघायच्या आधी तुम्ही लोकांकडे बघता.” पंचावन्न वर्षांचं माझं आयुष्य एका वाक्यात धुऊन वाळत घातलं. मशीन नको, काही नको.

एक मात्र विचारायचं राहिलंय मला. चार वर्षं झाली, एकत्र दुकान, एकाच ताटलीतला नाश्ता म्हणा ना — पण तारखेबद्दल त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही. दुधाचा डाग विचारता येतो, शाईचा विचारता येतो. हे नाही येत. आज विचारीन म्हणतो, दर वर्गाच्या दिवशी म्हणतो, सकाळी बसमध्ये शब्दसुद्धा जुळवलेले असतात, वहिनी, एक बोलायचं होतं, अशी सुरुवात करायची आणि —

आल्या. जिन्यावर पाय वाजतोय, त्याच. उठा, उठा. पिशवी घ्यायला पुढे होऊ नका, त्या कुणाला देत नाहीत.

या वहिनी. हो, ह्या नवीन आहेत, नाव घेतलं लिहून. नाही हो — काही नाही, असंच. हवापाण्याचं बोलत होतो.

जा, तुम्ही जा आत. मी येतोच.